चांदणीच्या पाठीवरचे आरसे

प्रिय डिंपल,

तू फोनवर चांदणीची खबर विचारली अन् बरी आहे ती, म्हणून मी फोन ठेवून दिला. बरी नाही ती. फोनवर सांगायले गेली तर मी रडत बसली असती, म्हणून लिहून राहिली.

भूषणच्या भावाच्या वरातीले घोडी तुमची चांदणीच द्या, असं तुझ्या होणाऱ्या सासरच्यांनी म्हटलं. तुझं अन् भूषणचं साक्षगंध झालेलं, सोयऱ्यांले नाही कसं म्हणू? वरात निघायच्या आधी बाया मले चहाले घेऊन गेल्या, तेवढ्यात पोरांनी झूल बाजूले टाकून तिच्या पाठीवर आरसे चिकटवले. चप्पल चिकटवायचं सोल्युशन लावलं, बाई! वरातभर बिचारी कातडी थरथरवत चालली.

असं काही चिकटलं तर मी कधी ओढत नाही, तू पाहिलंच आहे. कोमट जवसाचं तेल चोळायचं, मुरू द्यायचं, बोटानं केस सोडवायचे. नाहीच सुटलं तर वरचे केस कैचीनं कापायचे अन् रिठ्याच्या पाण्यानं धुवायचं. घरी नेऊन करते म्हणलं होतं मी. पण भूषणले कायची घाई होती कोण जाणे! वरात झाल्यावर मी जेवायले बसली, तेवढ्यात त्यानं आरसे केसांसकट ओरबाडले, अन् सोल्युशन जाईना म्हणून गाडीतलं पेट्रोल काढून फडक्यानं घासलं.

तिचं खिंकाळणं ऐकून मी जेवणावरून उठून धावली. तिनं लाथ झाडली होती, त्याले लागलीही नाही. तरी त्यानं तिले खांबाले आखूड बांधलं अन् कमरेच्या पट्ट्यानं तोंडावर मारलं. मी मधात पडली तर मले म्हणते, आई, धाक नसला तर डोक्यावर बसते. तो रागात नव्हता, डिंपल. हसून राहिला होता मेला!

पाठीची साल निघाली आहे. डॉक्टर म्हणाले, केस येतील, पण डावा डोळा गेला. मलम लावायले गेली तर ती माझ्याही हाताले भिते. जीव तुटते माझा.

शेजारची चंद्रकलाकाकू रोज येऊन समजावते, घोडीसाठी कोणी सोयरीक मोडते का? मी काही मोडलं नाही. पण एक विचारायचं आहे, अन् फोनवर तू हसून टाळशील. दिवाळीच्या आधी तो तुले भेटायले नागपूरले आला होता. मग तू घरी आली तेव्हा तुझं मनगट काळंनिळं होतं. बसच्या दारात हात सापडला म्हणाली. पोरी, खरंच बसचं दार होतं का? नसेल तर मले काही सांगू नको. पहिल्या बसनं घरी ये.

तुझीच,
आई