चौदावा रकाना

६ ऑक्टोबर, सोमवार
मार्थाचा फोन वाजला. अजून रोज चार्जिंगला लावतो. नंबर बंद करायला हवा. ती जाऊन या आठवड्यात तीन महिने होतील.
मेसेज दिल्लीचा. देशभरातल्या कॅथलिक शाळांसाठी जे शिक्षण कार्यालय आहे तिथला. ‘आपल्या शाळेचा अर्ज अपूर्ण. प्रश्न १४ बाकी. अंतिम तारीख १५ नोव्हेंबर.’ ती मुख्याध्यापिका, म्हणून कळवणच्या शाळेसाठी तिचाच नंबर दिलेला.
जूनमध्ये ती हा अर्ज भरत बसली होती. म्हणाली होती, ‘हे जमलं तर आठवी ते दहावी वाचेल.’ मग दवाखाना सुरू झाला.

८ ऑक्टो., बुध.
अर्ज उघडला. ओटीपी तिच्या फोनवर आला, मी टाकला. आत सगळं तिनेच भरलेलं.
योजना अशी. शहरातल्या मोठ्या मिशन शाळेने खेड्यातली एक लहान शाळा जोडून घ्यायची. विज्ञान-इंग्रजीचे शिक्षक अधूनमधून जाणार, प्रयोगशाळा वापरायला मिळणार, शिक्षकांचं प्रशिक्षण एकत्र. दिल्ली अशा जोड्या लावून देते.
प्रश्न १४: ‘उद्या तुमची शाळा नसली तर गावात नेमकं काय होणार नाही?’ हा रकाना कोरा.
चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. रकाना कोरा ठेवून कागद वर पाठवत नाहीत. लिहिलं, ‘परिसरातील मुली शिक्षणापासून वंचित राहतील.’ आणि पाठवलं.
‘धन्यवाद, मार्था मॅडम’ असं आलं.

११ ऑक्टो., शनि.
सोमवार ते शुक्रवार फारसं जाणवत नाही. एकवीस वर्षं ती तिकडे शाळेच्या क्वार्टरमध्ये, मी इकडे नाशिकला. घर तसंही रिकामं असायचं. शनिवारी दुपारी कळवणच्या गाडीने यायची.
आज साडेतीनला स्टँडवर होतो. भाजी आणायला निघालो होतो. भाजी आणली नाही.

१४ ऑक्टो., मंगळ.
दिल्लीहून फोन, तिच्या नंबरवर. बाई होत्या, बोलायला नम्र. ‘मार्था मॅडम से बात हो सकती है?’ नाशिकला या भागातल्या शाळांची बैठक आहे, पुढच्या महिन्यात. मॅडमनी दहा मिनिटं बोलावं, लहान शाळांच्या वतीने.
मी म्हणालो, त्या बाहेर गेल्यात.
‘कोई बात नहीं, नाम लिख लेती हूँ.’
बाहेर गेल्यात असं का म्हणालो, ते...

१६ ऑक्टो., गुरु.
फा. जेरोमनी बोलावलं. धर्मप्रांताच्या सगळ्या शाळा तेच बघतात. टेबलावर दिल्लीहून आलेली यादी.
‘वसंतराव, बैठकीत बोलणाऱ्यांमध्ये मार्थाबाईंचं नाव आहे.’
‘अर्ज मी भरला, फादर.’
‘त्यांच्या नावाने?’
‘फोन तिचा होता.’
जरा हसले. मग हसू गेलं. म्हणाले, ‘त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा मीच केली हो.’

अर्ज बाद. सध्याच्या मुख्याध्यापिकेने स्वतः भरायचा, सहीशिक्क्यासह. म्हणजे सिस्टर फिलोमिना. मार्थाच्या जागी त्याच आहेत. बैठकीच्या यादीतलं नाव फा. काढायला सांगतील.
मी विचारलं, ‘सिस्टरांना वरून आदेश येईल ना?’
‘वरून? हे पाटबंधारे खातं नव्हे. दिल्ली हुकूम देत नाही. धोरणाची पुस्तिका देते, अल्पसंख्याक दाखल्याला अडलं तर वकील सुचवते, मोठ्या शाळेला सांगते की हिचा हात धर. शाळा मात्र ज्याची त्याची. ही सिस्टर लोकांच्या संघाची. आणि त्यांचा संघ मे महिन्यात इथून उठतोय.’
म्हणजे जूनपासून शाळा बंद. नाहीतर धर्मप्रांताने चालवायला घ्यायची. ‘जोड मिळाली तर आम्ही घेऊ. एकट्याने नाही जमायचं,’ म्हणाले.
निघताना दारापर्यंत आले. ‘जेवता ना वेळेवर?’ हो म्हणालो.

२१ ऑक्टो., मंगळ.
दिवाळी. खालच्या बिऱ्हाडातून फराळ आला. डबा धुऊन परत दिला. रिकामा दिला. ती असती तर त्यात काहीतरी घालून दिलं असतं.

२८ ऑक्टो., मंगळ.
कळवणला जाऊन आलो. शाळेला सुट्टी, तरी सि. फिलोमिना होत्या. संगमनेरच्या. वय चाळिशीच्या आत. सुट्टीत बाकं घासून घेत होत्या.
‘भाऊ, मला सही करायची नाही असं नाही. पण जी शाळा आम्ही सोडणार तिच्यासाठी मी जोड कशी मागू? आमच्या संघाच्या प्रमुख, प्रोव्हिन्शियल, म्हणतील, निघायचं ठरलं असताना हे काय.’
‘जोड मिळाली तर धर्मप्रांत शाळा घेईल.’
‘माहीत आहे. पण मागायची मी. आणि मला मागायला कुणी सांगितलेलं नाही.’
चहा झाला.
मार्थाचा खण त्यांनी तसाच ठेवलेला. आत अर्जाची छापील प्रत. चौदाव्या रकान्यात पेन्सिलने तिच्या अक्षरात, ‘जनाबाईला विचारायचं.’
जनाबाई वसतिगृहात स्वयंपाक करते. मुलींचं वसतिगृह, डोंगराकडच्या पाड्यांवरच्या मुली. भांडी उन्हात मांडत होती. तिला विचारलं.
‘इचारत व्हत्या मोठ्या बाई. मंग आजारीच पडल्या.’
‘काय सांगणार होतीस?’
‘शाळा नसली तरी पोरी कुटं जात्यात, साहेब? हायेत की, द्राक्षाच्या बागंत. आईबाप दिवाळीला दिंडोरीकडं जात्यात, पोरी त्यांच्या मागं. पन शनवारी वही घिऊन बागंत कोन जातं? नाव कोन पुकारतं? दुसऱ्या शाळंचं कोनी नाय जात. बाईंनी नाव पुकारलं का मुकादमाला बी लाज वाटायची. सोमवारी पोरगी गाडीत.’
‘एवढंच?’
‘एवढंच. लय हाय का ते थोडं, तुमी बघा.’
माझं ‘वंचित राहतील’ आठवलं.

२ नोव्हेंबर, रवि.
मृतांचा दिवस. दफनभूमीत गर्दी. कबरीवरचं गवत काढलं, झेंडू घातला. दगड अजून बसवलेला नाही, लाकडी क्रूसच आहे. वाऱ्याने मेणबत्ती राहीना. शेजारच्या कबरीवाल्यांनी तेलाचा कापलेला डबा दिला आडोशाला. ‘दरवर्षी आणा एक,’ म्हणाले.

४ नोव्हें., मंगळ.
सि. फिलोमिनांचा फोन, या वेळी माझ्या नंबरवर. शाळा काल उघडली. नववीत पाच मुली. वसतिगृहाच्या निम्म्या खाटा रिकाम्या.
‘भाऊ, मोठ्या बाई कोणकोणत्या बागेत जायच्या?’
‘हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर आहे.’
‘पान बघितलं. बागवाल्यांची नावं नाहीत. “बाभळीपासून डावीकडे”, “निळी टाकी”, “कुत्रं आहे, हॉर्न देणे” असं लिहिलंय.’
त्या खुणा माझ्या. मी स्कूटर चालवायचो, ती मागे बसून लिहायची. दिवाळीनंतरचे दोन-तीन शनिवार ती घरी यायच्या आधी दिंडोरीला उतरायची, मी स्कूटर घेऊन तिथे जायचो. आत ती जायची. मी बाहेर झाडाखाली.
म्हणालो, ‘शनिवारी दिंडोरीला उतरा. मी येतो.’
‘स्कूटरवर बसायचं?’
‘मार्था बसायची.’
‘त्यांना सवय होती, भाऊ.’
‘मलाही आता राहिलेली नाही.’
हसल्या. येते म्हणाल्या.

८ नोव्हें., शनि.
चार बागा झाल्या. निळी टाकी आता हिरवी आहे. पहिल्या वळणाला पुढे गेलो, परत यावं लागलं.
कामाचे दिवस. वेली छाटून झालेल्या, नवी फूट बांधायचं चाललंय. टोळ्या शेडमध्ये राहतात, पत्र्याच्या. सिस्टर आधी आत जाईनात. परवानगी कुणाची घ्यायची, विचारलं. सांगितलं, मार्था कुणाची घ्यायची नाही. शेडसमोर उभं राहून हजेरीपट उघडायची.
या वेळी मी झाडाखाली थांबलो नाही. सिस्टरांच्या मागे उभा होतो.
सिस्टरांनी नावं वाचली. जूनमधली नावं मार्थाच्या हातची, वाचायला थोडी अडखळल्या. पहिल्या नावाला कुणी बोललं नाही. दुसऱ्याला वेलींच्या आतून आवाज आला, ‘हजर.’ मग पहिलीचाही आला.
एक मुकादम सिस्टरांकडे बघून, मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘बाई बदलल्या. डायवर जुनाच हाय.’ बायका हसल्या.
एक आई मात्र हातातली सुतळी खाली न ठेवता बोलली. ‘मे मयन्यात शाळाच बंद व्हनार म्हनत्यात. मंग आता कशाला न्येता? अर्धं वर्स घालवायचं न् पुन्ना बागंत आनायचं?’
सिस्टरांनी हजेरीपट मिटला.
परत दिंडोरीच्या स्टँडवर आलो. गाडीत चढताना म्हणाल्या, ‘त्या बाईचं बरोबर आहे.’

१० नोव्हें., सोम.
जनाबाईकडून कळलं. सकाळच्या गाडीने अकरा मुली आल्या. सुतळीवाल्या बाईची आली नाही.

११ नोव्हें., मंगळ.
सि. फिलोमिनांचा फोन. अर्ज भरतेय म्हणाल्या.
‘प्रोव्हिन्शियलना विचारलंत?’
‘विचारलं नाही. कळवलं.’
आवाज नेहमीसारखाच होता. त्यांना यावरून कुठेही हलवू शकतात, मेच्या आधीसुद्धा. ते त्या बोलल्या नाहीत. फा. जेरोम बोलले, संध्याकाळी.
अडचण एकच. दिल्लीकडच्या शाळांच्या नोंदीत मुख्याध्यापिका म्हणून अजून मार्था. आधी ते नाव बदलायचं, मग अर्ज उघडेल. नाव बदलायला ओटीपी जुन्या नंबरवर जातो. फा. म्हणाले, ‘तो फोन आहे ना चालू?’
आहे.

१३ नोव्हें., गुरु.
अकरा वाजता फोन आला. सिस्टर शाळेच्या कॉम्प्युटरसमोर, मी इकडे, एका कानाला माझा फोन, दुसऱ्या हातात मार्थाचा.
‘आला का, भाऊ?’
सहा आकडे आले होते. म्हणालो, चष्मा सापडत नाही.
वेळ संपली. दुसऱ्यांदा पाठवायला लागला.
चष्मा डोळ्यांवरच होता.
दुसऱ्या वेळी आकडे सांगितले. एकेक, सावकाश. सिस्टरांनी प्रत्येक आकडा परत म्हटला. मग थोडा वेळ नुसतं टाइप करण्याचा आवाज.
‘झालं,’ म्हणाल्या. आणि मग, ‘चौदावा वाचून दाखवू?’
दाखवा म्हणालो.
‘शनिवारी बागेत जाऊन कुणी हजेरी घेणार नाही.’
‘एवढंच?’
‘एवढंच. वाढवू का?’
नको म्हणालो.
मार्थाच्या फोनवर शेवटचा मेसेज आला. ‘या शाळेसाठी आपला क्रमांक आता नोंदलेला नाही.’ जेवलो. दुपारी झोप लागली, बऱ्याच दिवसांनी.

१५ नोव्हें., शनि.
शेवटची तारीख. अर्ज पोचल्याचं दिल्लीने सिस्टरांना कळवलं. निकाल जानेवारीत. कोणती मोठी शाळा हो म्हणते त्यावर आहे, असं फा. जेरोम म्हणाले. दोन शाळांशी बोललेत. एक विचार करते म्हणाली, एक काही बोलली नाही.
प्रोव्हिन्शियलचं पत्र अजून नाही.
मोहाडीकडच्या बागा राहिल्यात. आणि सुतळीवाली बाई. सिस्टर म्हणाल्या, ‘तिला काय सांगायचं, भाऊ?’ मग त्याच म्हणाल्या, काही सांगत नाही, नाव तेवढं पुकारते.
स्कूटरचा मागचा ब्रेक आवळून घेतला. सिस्टर कळवणच्या दुपारच्या गाडीने येणार, दिंडोरीला उतरणार. मला दोनला निघायला हवं. ऊन आहे. टोपी कुठे ठेवलीय ते मार्थाला विचारायला...