बाबांच्या गालावरचे वण

बाबा, मागच्या आठवड्यात मी तुमचा फोटो मोठा करून आणला आणि आईने त्याला हार घालायला साफ नकार दिला. "हे कोण गुळगुळीत गृहस्थ आणलेस गं?" म्हणाली. खरंच, लहानपणी तुम्हाला देवी येऊन गेल्या, त्यांचे ते वण, त्यातला एकही गालावर नव्हता. भिंतीवरच्या जुन्या फोटोला ओल आली म्हणून हा नवा करून घेतला, तर त्यात तुम्ही साबणाच्या जाहिरातीतले दिसत होता.

माझा पहिला संशय अर्थातच वहिनीवर. मूळ फोटो पुण्याला दादाकडे, आणि वहिनीला सगळं कसं नीटनेटकं लागतं. दादाने फोटोचा फोटो काढून नागपूरच्या आत्याला पाठवला, तिने ग्रुपवर टाकला, तिथून कुणी कुणी पुढे ढकलत तो माझ्या फोनवर आला. वहिनी लांब, म्हणून आधी इथल्या सदर बाजारातल्या स्टुडिओवाल्याला धारेवर धरलं. "दीदी, हमने हाथ भी नहीं लगाया. जो आया, वही छापा है," म्हणत त्याने स्क्रीनवर तुमचा गाल मोठा करून दाखवला. नुसते चौकोन चौकोन. "फोन फोटो को दबाकर भेजता है. जितनी बार भेजो, उतना और." माझा काही विश्वास बसला नाही.

घरी येताना मात्र तुमचं ऑफिस आठवलं. कारखान्यात नवं फॅक्स मशीन आलंय, मी तुमचा डबा घेऊन दारात उभी आहे. तुम्ही ड्रॉइंग पाठवता आणि लगेच फोन उचलून पलीकडच्याला त्यातली रेघ न् रेघ वाचायला लावता. सगळे हसतात. "भाई साहब, मशीन पर भरोसा नहीं?" तुम्ही पलीकडच्याला पुढची रेघ विचारता. नंतर मला म्हणता, "आधी बारीक रेघ जाते. आणि गेली हे कुणाला कळतही नाही."

मी दादाला फोन लावला. म्हटलं, मूळ फोटो हातात घे आणि बाबांचा चेहरा वाच.

"तुला काय वाटतं, आम्ही पुसलं?" तो भडकला. मी म्हटलं, वाच तर खरं. मग चष्मा शोधून तो वाचू लागला. कानाशी दोन, जवळजवळ. ओठाच्या वर एक खोल. आई फोनला कान लावून मान डोलावत होती. "नाकाजवळचा राहिला," ती म्हणाली. तिकडे दिव्याचं बटण वाजलं. "हो गं आई, आहे. सावलीत आहे."  मला रडू आवरेना.

मग त्याने फोटो न दाबता, फाइल म्हणून थेट मला पाठवला. आता भिंतीवर तुम्ही वणांसकट आहात आणि आईने हार घातलाय. तो पहिला फोटो टाकून दे म्हणते. मी हो म्हटलं, पण तो माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. स्टुडिओत तो पहिल्यांदा हातात आला तेव्हा, संशय यायच्या आधी, माझ्या मनात आलं होतं, किती देखणे होते बाबा. हे आईला सांगितलेलं नाही. तुम्हालाही हे पत्र पोचणार नाही, तेच बरं.