नेल्यूबोवांच्या घरची रीत

वोलोग्दा, १ मार्च

चि. ग्लेबास, अ. आ.

दोन महिने उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. नेल्यूबोव या आडनावामागचा एखादा सरदार, निदान पाद्री तरी शोधून काढ, म्हणजे माझी तास्या आईचं आडनाव लावायचा हट्ट सोडेल, असं तू लिहिलंस. सुट्टीचे सगळे शनिवार मी दप्तरखान्यात घालवले. आपले सगळे पूर्वज मिठाच्या भट्टीवर लाकडं फोडणारे. वैताग आला. नर्सिंगच्या वर्गात मुली तुझ्या लेकीला 'नकोशी' म्हणून हाक मारतात, कारण नेल्यूब म्हणजे नकोसा. त्यावर सरदाराचा काय उपयोग, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

शेवटी अगाफ्याआत्याकडे गेले. बटाटे सोलता सोलता तिने मला झापलं, एवढी शिकून ठोंबच राहिलीस म्हणाली. लेकरं लागोपाठ दगावली की पुढचं बाळ खिडकीतून शेजारणीला द्यायचे. रस्त्यात सापडलं म्हणत ती ते दारातून परत आणायची. मग नाव ठेवायचे नकोसा, म्हणजे मृत्यू ढुंकून बघणार नाही. आपला मूळपुरुष असाच कुणी, असं आत्या म्हणते. पुरावा काही नाही, आणि तास्यालाही मी तसंच सांगितलं.

तास्या म्हणाली, त्या आईने नाव वाईट ठेवलं, पण पोराला कुशीत तरी घेतलं असेल. बाबांनी मला कधी चांगलं म्हटलंय का? ती वर्गात पहिली आली तेव्हा, रोग्यांची भांडी उचलायला डोकं कशाला लागतं, असं तू म्हणाला होतास. ते तिला पाठ आहे. आडनाव बदलायचा अर्ज ती याच आठवड्यात देणार आहे. मी हरले, ग्लेब.

माझ्यावरचा लोभ थोडा कमी केलास तरी चालेल, तो तिला दे.

तुझी ताई,
झिनाइदा

तोत्मा, ७ मार्च

ती. झिनाताईस, सा. न.

पत्र वाचून तुझा रागच आला. तास्याच्या आधीचा पोरगा विसरलीस? त्याला मी आख्ख्या लाकूडगिरणीत मिरवला होता, असा देखणा कुणाकडे नाही म्हणून. बर्फ वितळायच्या आत गेला तो. हिच्या वेळी मी तोंड शिवून घेतलं. या खुळाला लोक मनातल्या मनात हसले असतील, हसू देत. पोर जगली.

काल तिला फोन लावला. थंडी कशी आहे विचारलं, बटाटे पाठवू का विचारलं आणि ठेवून दिला. आत्याला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, गाढवा, अठरा वर्षं झाली, ती कुणाची ते आता मृत्यूलाही ठाऊक आहे.

अर्ज दिला असेल तर असू दे. मी तिकडे येतोय ते आडनाव वाचवायला, असं तिला वाटायला नको. हे पत्र बहुधा माझ्या मागूनच पोचेल, पण लिहिल्याशिवाय धीर होईना.

सांभाळून घे.

तुझा,
ग्लेब

उद्याचं काम: पहिल्या बसने येऊन तास्याला तिच्या तोंडावर चांगलं म्हणणे.