माळ पेटवण्याची परीक्षा

१४ मार्च, शनिवार
वसतिगृह

चि. छोटू यास अनेक आशीर्वाद.

(दहा माणसांचा साहेब झालास तरी माझ्या पत्रात छोटूच राहशील, तक्रार चालणार नाही.) तुम्ही तिघं मजेत असाल. सूनबाईचा खोकला थांबला का? नातीचा पुढचा दात पडला म्हणे, तिचा बोळका फोटो पाठवा. मी ठणठणीत आहे. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर माझं एक वाक्य संपायच्या आत तुझी दोन होतात, आणि आज मला शेवटपर्यंत बोलायचंय.

तर ऐक. परवा तुझ्या आईने चाळीस एकर माळ जाळला. दिवसाढवळ्या, कॉलेजच्या परवानगीने, अग्निशमन दलाची गाडी शेजारी उभी करून. वर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आगीशी खेळू नकोस म्हणून लहानपणी तुझ्या पाठीत धपाटे घालणारी बाई ती हीच. हस खुशाल. नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन हे नाव ऐकून तू पहिल्या दिवशीही हसला होतास. "म्हणजे नक्की काय शिकणार तू, झाडं मोजायला?" मोजली की झाडं! मांडीभर पाण्यात उभं राहून ओढ्याचा वेगही मोजला, खड्ड्यात उतरून मातीचे थर बोटांनी चोळून ओळखले. या अभ्यासक्रमात वर्गात बसायला फारसं मिळतच नाही. माझ्या गुडघ्यांना विचार.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक काम स्वतः आखून, माणसं हाताशी घेऊन, पार पाडायचं असतं. कुणी ओढ्याचा काठ बांधला, कुणी रोपवाटिका केली. मी माळ मागून घेतला. वाळलेलं गवत वर्षानुवर्षं साचलं की खालचं बी उगवत नाही, काटेरी झुडपं माजतात, आणि एखाद्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी विडीने सगळं भडकतं. म्हणून आपणच, उन्हाळा तापायच्या आत, आपल्या मर्जीने जाळायचं. ऐकायला सोपं वाटतं. पास-नापास मात्र सगळं त्यावर.

आणि नापास झाले तर काय, ते तुला माहीत आहेच. निमूट सामान बांधून तुमच्याकडे राहायला यायचं, असं आपलं ठरलं होतं. खोलीला रंग दिल्याचं तू लिहिलंस. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी मंगळवारचं सांगते. सगळा लवाजमा जमला होता. पाठीवर पाण्याचे पंप घेतलेली माझ्या वर्गातली मुलंमुली, गाडी, तिचा चालक, आणि हातात पॅड घेऊन मख्ख चेहऱ्याने उभे असलेले आमचे सर. परीक्षेत ते एक अक्षर बोलत नाहीत, हूं की चूं नाही. वारा ओढ्याकडे वाहील असा अंदाज होता. मी कोपऱ्यात पसाभर गवत पेटवून पाहिलं. धूर सरळ वर गेला, थोडा रेंगाळला आणि वळला तो रस्त्याकडे. रस्त्यापलीकडे शाळा आहे.

चालक म्हणाला, "अहो मावशी, एवढ्याशा धुराला काय भ्यायचं? पेटवा, आत्ता फिरेल वारा परत."

मुलांचंही तेच म्हणणं. गाडी मिळवताना माझ्या नाकी नऊ आले होते, ती पुन्हा मिळेल याचा भरवसा नव्हता. मी म्हटलं, "विझवा. आज नाही."

खरं सांगू? मला वारा कळला होता की मी घाबरले होते, हे तेव्हा माझं मलाच सांगता आलं नसतं. सामान आवरताना मागून कुणीतरी पुटपुटलं, "वय झालं की असंच होतं." ते मात्र मला नीट ऐकू आलं. खोलीवर आले, चहासुद्धा न घेता बॅग काढली आणि कपडे भरायला लागले.

असो. गुरुवारी गाडी मिळाली. कशी मिळाली ते विचारू नकोस, अग्निशमन दलाच्या साहेबांच्या कचेरीत मी ठाण मांडून बसले होते.

काम सुरू करण्याआधी प्रमुखाने प्रत्येकाचे कपडे तपासायचे असतात. सगळं सुती किंवा लोकरी हवं, नायलॉन आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं. मी एकेकाला उभं करून विचारलं, "आतले कपडेही सुतीच ना?" मुलं लाजून चूर. एकाला तर परत पाठवून कपडे बदलायला लावले. मग आमच्या वर्गातली चिमणी, मोठी आगाऊ पोरगी, म्हणाली, "मावशी, आता तुमचे मोजे दाखवा." दाखवले. तू वाढदिवसाला पाठवलेले ते महागडे, उबदार मोजे! शंभर टक्के नायलॉन. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान! चाळीस एकरांची प्रमुख गाडीच्या पायरीवर बसून मोजे काढतेय आणि सगळे पोट धरून हसताहेत. सरांनीसुद्धा पॅड तोंडासमोर धरलं. चिमणीने तिचे जादा सुती मोजे दिले, लिंबासारखे पिवळे.

पुन्हा पसाभर गवत पेटवलं. धूर वर गेला आणि ओढ्याकडे झुकला. आधी ओढ्याच्या बाजूला, जाळरेषेला लागून आग लावली. जाळरेषा म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा. ही आग वाऱ्याच्या उलट दिशेने चालते, म्हणून सावकाश सरकते आणि मागे रुंद काळी जमीन ठेवते. मग दोन्ही बाजू. मध्येच एक ठिणगी जाळरेषा ओलांडून पलीकडच्या झुडपात पडली. माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण तोंडातून आवाज निघाला तो असा: "डावीकडचे दोघं झुडपावर, बाकी कुणी जागा सोडायची नाही!" कुणी सोडली नाही. झुडूप विझलं. तो आवाज माझा होता, छोटू. तुझे बाबा गेल्यापासून मी तो ऐकलाच नव्हता.

शेवटी वाऱ्याच्या बाजूने पेटवलं. ती आग अशी धावली की पायाखालची जमीन गरम झाली. काळ्या पट्ट्यापाशी आली, खायला काही उरलं नाही, आणि बसली. शाळेकडे धुराचा एक तंतू गेला नाही.

सर पॅड काखेत मारून आले. म्हणाले, "पेटवायला सगळेच उतावीळ असतात. सगळी तयारी झाल्यावर परत फिरणारे फार थोडे पाहिलेत मी." पहिल्या श्रेणीत पास केलं. आणि इथल्या माळरानांची देखभाल करणाऱ्या खात्याच्या बाई होत्या तिथे, त्यांनी पुढच्या हंगामापासून जाळपथक सांभाळाल का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. तुला न विचारता.

आता खोलीबद्दल. ती नातीला दे. तिला दार लावून भांडायला जागा लागेल लवकरच. तुझी काळजी मला कळते रे. बाबा गेल्यावर मी जेवत नव्हते, तो महिना तू विसरला नाहीस, मीही नाही. तुझ्या घरी मला काही कमी पडणार नाही, हेही जाणते.

पण पास झाले म्हणून येत नाहीये, असं स्वतःला समजावू नकोस. मंगळवारी अर्धी भरलेली बॅग मी त्याच संध्याकाळी पुन्हा रिकामी केली. तेव्हा गाडी मिळेल याची खात्री नव्हती आणि माझ्या मते मी नापासच झाले होते. आपलं ठरलं होतं, आणि तुला दिलेला शब्द मी मोडणार होते. तरीही कपडे एकेक करून कपाटात लावले आणि मग गाढ झोपले.

रागावलास तर रागाव, पण ये. पहिला पाऊस झाला की माळावर काय उगवतं ते तुम्हा तिघांना दाखवायचंय. सुती कपडे घालायची गरज नाही.

राहायला कधीच न येणारी, भेटायला नेहमी येणारी,
तुझी आई