तोरण्याची जादा सोंड

२२ ऑगस्ट २०२४

पोचले एकदाची! एसटीने पाबे घाट उतरून वेल्ह्याच्या अलीकडच्या फाट्यावर सोडलं. माझ्या बॅगा आणि ट्रायपॉड बघून कंडक्टरने विचारलं, कुठल्या सिरियलचं शूटिंग आहे. घरमालक आनंदराव स्कूटर घेऊन फाट्यावर उभेच होते. भोरला कचेरीत नोकरी करून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे घर बांधलं. खाली ते आणि बनाबाई, वर माझी खोली. खोलीपुढे गच्ची, आणि गच्चीसमोर आख्खा तोरणा. म्हणजे असावा. आत्ता तिथे नुसता ढग आहे. आनंदरावांनी हात करून दाखवलं, डावीकडे झुंजार माची, मधे बालेकिल्ला, उजवीकडे बुधला. सगळं दिसल्यासारखी मीही मान डोलावली.

इतकी वर्षं लग्नं, मुंजी, बारशी यांचे फोटो काढले. आता माझ्या नावाचं पुस्तक निघणार, तोरणा, सगळ्या ऋतूंमधला. प्रकाशक उपेंद्र म्हणालाय, घाई नको, पण उत्तम हवं. बनाबाईंनी भारंगीची भाजी आणि नाचणीची भाकरी वाढली. फार बरं वाटतंय.

७ सप्टेंबर

ढग. कालही ढग, परवाही ढग. मधे एकदा माचीचं टोक दिसलं, मी लेन्सचं झाकण काढेपर्यंत गेलं. सगळे कपडे कुबट झालेत. कॅमेऱ्याच्या बॅगेत तांदळाची पुरचुंडी ठेवलीय, तिलाही वास यायला लागला. आनंदराव रोज सकाळी खालून ओरडतात, "नीरजाताई, आज उघडेल बरं का!" माणूस भला आहे, पण हे वाक्य ऐकलं की मला कशाला तरी लाथ मारावीशी वाटते.

२४ सप्टेंबर

उघडलं! पुढच्या टेकाडावर सोनकी पिवळीजर्द, वर काळा ओला कडा, त्यावर एकच ढग. दिवसभर काढत राहिले. निवडक फोटो उपेंद्रला पाठवले. आता बघू काय म्हणतो.

२५ सप्टेंबर

उपेंद्रचा फोन आला. तारीफ करेल म्हणून उचलला तर म्हणाला, "नीरजा, हा तोरणा नाहीये." कॉलेजात असताना तो कितीतरी वेळा गडावर गेलाय. झुंजार माचीच्या खालून अशी सोंड उतरतच नाही, असं त्याचं म्हणणं. कॉम्प्युटरवर काहीतरी जोडलंयस का, असं मलाच विचारलं. मी भडकले.

मग गच्चीत जाऊन नीट पाहिलं. डोंगराची जी धार लांब खाली उतरत येते तिला इकडे सोंड म्हणतात. माझ्या फोटोत माचीच्या पोटातून एक सोंड निघून सरळ माझ्या दिशेने आलीय. गवत आहे, खडक आहेत, सावलीसुद्धा बरोबर पडलीय. डोळ्यांनी पाहिलं तर तिथे काही नाही. सरळ कडा आणि खाली रान.

१८ ऑक्टोबर

लेन्स बदलली. सोंड आहे. कॅमेरा पुण्याला दुकानात दाखवला, त्यांनी काही दोष नाही म्हणून परत केला. जुना कॅमेरा आणला. सोंड आहे. मोबाईलमध्येही आहे. बनाबाईंना मोबाईल धरायला दिला तर त्यांनी काढलेल्या फोटोत नाही! म्हणजे यंत्राचा दोष नाही, माझा आहे. असं कसं असेल? ऋतू निघून चाललेत आणि माझ्याकडे छापण्यासारखा एकही फोटो नाही.

१९ डिसेंबर

उपेंद्र म्हणाला, जागा बदल. बदलल्या. आधी वेल्ह्यातून काढले, सोंड वेल्ह्याकडे उतरलेली. मग धडपडत राजगड चढले आणि पद्मावती माचीवरून काढले. खाली दरीत धुकं भरलेलं, वर तोरणा कोवळ्या उन्हात. आयुष्यात एखाद्याच वेळी मिळावा असा फोटो. त्यातही सोंड, धुक्यातून वर निघालेली, राजगडाकडे तोंड करून.

मी जिथे उभी राहते तिकडे ती वळते.

खाली उतरताना रडले. भीतीने नाही, संतापाने. डोंगरानेच माझं काम बिघडवायचं ठरवलंय असं वाटलं.

१४ जानेवारी २०२५

उपेंद्रने स्पष्ट सांगितलं, होळीपर्यंत नीट फोटो आले नाहीत तर पुस्तक शार्दूलला देणार. शार्दूल माझ्याकडे लाइट धरायला होता.

आज लॅपटॉपवर तो राजगडचा फोटो मोठा करून बसले होते. सोंडेवर राखाडी ठिपके दिसत होते, ते धूळ असतील म्हणून पुसायला घेतले, तर मेंढरं निघाली. त्यांच्यामध्ये घोंगडी पांघरून एक माणूस बसलेला, पाठमोरा.

तेवढ्यात धोंडाबाई दूध घेऊन वर आल्या. वरच्या धनगरवाड्यावर राहतात, पन्नाशीच्या, एरवी मोजकं बोलणाऱ्या. त्यांची नजर पडद्यावर गेली आणि किटली खाली ठेवायचंच राहिलं.

"त्यो म्हादू हाय," त्या म्हणाल्या.

मला आनंदरावांनी सांगितलं होतं. म्हादू त्यांचा नवरा. काही वर्षांपूर्वी पावसात चुकलेली मेंढरं शोधायला गेला, तो गेलाच. गावाने रान पिंजून काढलं, साधी चप्पल सापडली नाही. तेव्हापासून बाईला कोणी सवाष्ण म्हणेना आणि विधवाही म्हणेना. मला वाटलं रडतील. त्या रागाने लाल झाल्या.

"हितं बसलाय व्हय! म्या वाड्यावर एकली मरतीया, आन् ह्यो हितं निवांत बसलाय!"

२ फेब्रुवारी

धोंडाबाई आता रोज येतात. ताई, आजचा फोटू दाव. मी काढते, त्या बघतात. तो तसाच, पाठमोरा. त्या त्याच्याशी भांडतात, मेंढी व्यायली ते सांगतात, थोरल्या जावेच्या तक्रारी करतात. काल म्हणाल्या, एकदा तोंड हिकडं कर म्हणावं. कोणाला सांगू?

गच्चीवरून काढलेल्या फोटोत सोंड पुष्कळ खाली आलीय. आता तर फोटो काढायच्या आधीच, कॅमेऱ्याला डोळा लावला की दिसते. ओढ्यापलीकडच्या भाताच्या खाचरात, जांभळीच्या झाडाशी ती टेकते. मी स्वतः तिथे जाऊन आले. सपाट खाचर, कापलेल्या भाताची खुंटं. बाकी काही नाही.

१६ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळी धोंडाबाई लाल लुगडं नेसून आल्या, ठेवणीतलं. म्हणाल्या, म्या जातीया त्याला आणाया, तू वरनं वाट दाव. मी नको म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, जातील, खाचरात उभ्या राहतील, काही नाही हे बघतील आणि हा विषय मिटेल. आणखीही एक वाटलं. त्या सोंडेवर कोणी चढलेलं कॅमेऱ्यात आलं, तर निदान उपेंद्र मला खोटी तरी म्हणणार नाही.

त्या ओढा ओलांडून गेल्या. मी गच्चीतून मोबाईलवर सांगत होते. जांभळीच्या डावीकडे. अजून थोडं. हां, आता सरळ. कॅमेऱ्यात लाल लुगडं सोंडेच्या पायथ्याशी पोचलं.

"चढ लागला गं," त्या म्हणाल्या. धाप ऐकू येत होती.

मी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. समोर सपाट खाचर. खाचरात कोणी नाही.

परत डोळा लावला. त्या भराभर चढत होत्या. मी ओरडले, मागे फिरा, खाली या. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फोनमध्ये वारा आणि मेंढरांच्या घंटा. त्या त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. हाक मारली, खांद्याला हात लावून पुढे वाकल्या. मग अगदी हळू, मला एकटीला सांगावं तसं म्हणाल्या,

"ताई, ह्यो म्हादू न्हाई."

फोन चालूच होता. त्यापुढे नुसता वारा.

२० फेब्रुवारी

पोलीस आले. गाव शोधतंय. धोंडाबाईंची चप्पल जांभळीखाली सापडली, पायांतून काढून नीट जोडून ठेवलेली. मी सगळं खरं सांगितलं. हवालदाराने लिहून घ्यायचं थांबवून बनाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ताईंना थोडी विश्रांती हवी.

आनंदराव आता सकाळी हाक मारत नाहीत.

१ मार्च

शेवटचा म्हणून एक फोटो काढला. त्या त्याच्या शेजारी बसल्यात. लाल लुगडं. पाठमोऱ्या.

सोंड ओढा ओलांडून अलीकडे आलीय. अंगणातल्या तुळशीपर्यंत.

कॅमेरे बॅगेत घालून बॅगेला कुलूप लावलं. उपेंद्रला कळवलं, पुस्तक शार्दूलला दे. मग पुन्हा फोन करून सांगितलं, त्यालाही देऊ नकोस. तो हसला. त्याला वाटलं, मला सहन होत नाहीये.

९ मार्च, पाबे घाट

निघाले. कॅमेरे आनंदरावांच्याच घरी ठेवले. पुण्याच्या एसटीत बसले, खिडकीकडे पाठ करून. घाटमाथ्यावर एक डंपर आडवा झालाय. सगळे खाली उतरले. समोर तोरणा, धुरकट, कुठेतरी वणवा लागलाय. मी पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. मुलीच्या हातावर मेंदी. तिने मोबाईल पुढे केला. ताई, आमचा दोघांचा एक काढा ना, गड मागे येऊ दे. मी नाही म्हणाले. ती इतकी हिरमुसली, की मी घेतला. नुसता मोबाईल तर आहे. फक्त त्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचं ठरवलं.

काढला.

मान वर केली तेव्हा ती दोघं नव्हती. एसटी नव्हती. डंपर नाही, रस्ता नाही. तिचा मोबाईल अजून माझ्या हातात आहे.

पायाखाली गवत. चढ.

ओरडून पाहिलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटतो. खाली उतरायला लागले — उतरतेय असं वाटलं — पण धाप लागते ती चढताना लागते तशी. म्हणून एका खडकावर बसून लिहितेय.

घंटा. मेंढरं आली, बाजूने गेली. एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

वरून तो येतोय. घोंगडी. मागे लाल लुगडं — धोंडाबाई! हाक मारली —

दोघं उतरतायत, पण पाठ माझ्याकडे. उलट्या पावली. दगडांना अडखळत नाहीत.

धोंडाबाईंचा हात त्याच्या हातात आहे. दुसरा मागे केलाय, माझ्याकडे, कोणाला तरी धरायला करतात तसा —

मी उठणार नाही. बघणार नाही. वहीकडेच

घोंगडीचा वास. थांबलेत. अगदी समोर. आता तो मान वळव