अनंताचा चेअरमन

रविवार, दिंडोशी

व्यासपीठावर घसा फोडणाऱ्या माझ्या तमाम बंधूंनो, आपलं दुखणं एकच आहे. लोक आपल्यासाठी टाळ्या वाजवतात आणि लक्षात दुसऱ्यालाच ठेवतात. (बंधू कुठले? रोजनिशीतही मी सभाच भरवतो!)

आज सोसायटीच्या सभेत बंद लिफ्टवर पुन्हा तळमळून बोललो. चेअरमन शिर्के डुलक्या घेत होते. मग माझा शाळेपासूनचा मित्र अनंत उठला आणि आपल्या नव्या विनोदी कादंबरीतलं एक पान त्याने वाचलं. एका काल्पनिक चेअरमनची रोजनिशी: ‘आज लिफ्ट बंद. रहिवाशांची तब्येत सुधारते आहे. माझ्या अभिनंदनाचा ठराव अजून कसा आला नाही?’

लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. शिर्केही हसले, मग एकदम लाल झाले आणि तिथूनच त्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

एका पानात! मग मी एवढे ग्रंथ पचवले ते कशासाठी?

घरी आलो तर बायको अनंताच्या पुस्तकातलं तेच पान वाचून खिदळतेय.

“माझ्या भाषणात काय कमी होतं गं?”

“काही नाही. पण अहो, तुमच्या भाषणात शिर्के राक्षस असतात. राक्षसात स्वतःला कोण ओळखेल? अनंतभावजींनी त्यांना माणूसच ठेवलं.”

हे मला का सुचू नये? जळतोय मी, सरळ लिहितो. त्या एका पानावर जळतोय.

पण सोसायटीच्या गळक्या टाकीचा प्रश्न अजून तसाच आहे आणि पुढच्या सभेत पहिलं भाषण माझं आहे. तेव्हा, वक्तेमहाशय, उद्या सकाळी अनंताची बेल वाजवा आणि आपली भाषणाची वेळ त्याला देऊन या.