एकोणीस जणींची यादी

१२ फेब्रु., गुरु.
डॉक्टरांकडे तिसरी खेप. त्यांनी मागितली म्हणून शाळेची प्रगतिपुस्तकं नेली. चौथी ते दहावी, दरवर्षी तोच शेरा: हुशार, पण लक्ष नाही. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचे. म्हणाले, अटेन्शन डेफिसिट. लहानपणापासूनच आहे. मी सत्तावन्न वर्षांची. विचारलं, मग इतकी वर्षं कॉलेजात केमिस्ट्री कशी शिकवली?
"दमून," म्हणाले.
घरी नवऱ्याला, अरुणला, सांगितलं. "म्हणजे आळस नव्हता तर." एवढंच बोलून पेपर उचलला. इतकी वर्षं आळस समजत होता का, ते विचारलं नाही.

१६ फेब्रु., सोम.
प्रॅक्टिकलची परीक्षा. शेवटची बॅच, एकोणीस मुली. बाहेरचे परीक्षक मार्कांच्या कागदी यादीवर सही करून गेले. मार्क कॉम्प्युटरवर भरले. ते पाठवायचं शेवटचं बटण दाबायचं, तेवढ्यात सिंकचा नळ गळताना दिसला. नळावरून वॉशर, वॉशरवरून स्टॉक रजिस्टर. ते दोन महिने अपुरं, ते पूर्ण करत बसले. मधेच उठून यादी नीट ठेवली, पदराला गाठ मारली. आईची सवय. ती म्हणायची, गाठ हातात धरली की आठवतं.
लॅबमधली मदतनीस यादम्मा हसली. "मॅडम, इत्ते गाठां? एकेक पे नाम भी लिख लो."
तीन होत्या.

२० फेब्रु., शुक्र.
प्राचार्यांनी बोलावलं. कॉम्प्युटरवर एकोणीसही जणी गैरहजर. बटण दाबलंच नव्हतं, मुदत संपली. बाई चिडल्या नाहीत, तेच वाईट. परीक्षकाच्या सहीची यादी पुढच्या शुक्रवारपर्यंत द्या, मार्क मिळवून देते. नाहीतर सगळ्यांची परीक्षा पुन्हा, आणि लॅब तुमच्याकडे ठेवता येणार नाही.
यादी नीट ठेवली आहे. कुठे, ते
घरी येऊन परीक्षेच्या दिवशीची साडी कपाटातून काढली. निळी नारायणपेठ. इस्त्रीहून आलेली, कडक घडी, पदर सपाट. इस्त्रीवाला गाठी सोडवून इस्त्री करतो. त्याची काय चूक.

२१ फेब्रु., शनि.
लॅबमधली सगळी कपाटं. यादी नाही. जुना चष्मा सापडला, ब्युरेटचे क्लॅम्प सापडले. क्लॅम्प आकाराप्रमाणे लावत बसले. यादम्माने मनगट धरून उठवलं. "वो नक्को मॅडम. यादी."
दाराशी नौशीन, एकोणीसपैकी एक. "मॅम, मैं तो आई थी ना? आपीच डाँटे थे, पिपेट ऐसा नहीं पकडते बोल के."
हो. ओरडले होते. डिसेंबरात हीच पोरगी वही विसरली, तेव्हा पूर्ण तास बाहेर उभी केली. दुसऱ्या दिवशी वहीवर लाल शाईत 'केअरलेस'.
"मिली तो बोलिए मॅम." आवाजसुद्धा चढवला नाही पोरीने.

२४ फेब्रु., मंगळ.
डॉक्टरांच्या गोळीने दुपारपर्यंत डोकं शांत. शांत डोक्यालाही माहीत नाही.
अरुण फ्रिजवर, पिठाच्या डब्याखाली, गादीखाली शोधतोय. चिडला. "तू नीट ठेवलंस की गेलंच ते." मग एकटाच स्कूटरवरून रद्दीवाल्याकडे गेला, हिमायतनगरला. मी सांगितलं नव्हतं. रिकाम्या हाताने आला, शर्ट धुळीने माखलेला. दोघं जेवलो.

२५ फेब्रु., बुध.
लेखी खुलासा हवा. प्राचार्यबाई हळूच म्हणाल्या, साइट बंद होती असं लिहा, सगळे तेच लिहितात. तसं लिहिलं तर मी सुटते. यादी नाही, म्हणजे मुलींची परीक्षा तरीही पुन्हाच.
लिहिलं: बटण मी दाबलं नाही. यादी माझ्याकडून हरवली. आजाराबद्दल एक वाक्य लिहिलं, खोडलं. सबब वाटते. मुलींच्या सबबी मी कधी ऐकून घेतल्या?

२६ फेब्रु., गुरु.
उद्या शेवटचा दिवस. निघताना यादम्माला निळ्या साडीच्या सुटलेल्या गाठींचं सांगितलं. म्हणाली, "नीली कहाँ मॅडम? परीक्षा के दिन तो हरी थी."
मला निळीच आठवते. शपथेवर सांगितलं असतं.
हिरवी धुण्याच्या टोपलीत, तळाशी. पदराला तीन गाठी, जशाच्या तशा. खाली जमिनीवर बसले. पहिली हातात धरली: गॅस नोंदवणे. दुसरी: मुलीला फोन, तिच्या सासूचं ऑपरेशन होतं. तेही राहिलं.
तिसरी, यादीची, धरून बसले आहे. उजव्या हाताने हे लिहिते, डावा गाठीवर. अरुण दारात उभा आहे.